शेवटच्या ट्यूबचा लाल दिवा

२२ फेब्रुवारी २०१५, रविवार. सकाळपासून ढगाळ, वारा उत्तरेचा, पाऊस नाही.

विद्याधर खानवलकर झाशीच्या प्रेम नगरातून निघून बरुआसागरच्या बसमध्ये बसले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. चहाचा थर्मास आणि एक लाल दिवा. रेल्वेत एकतीस वर्षे मालगाडीचे गार्ड म्हणून काढून ते निवृत्त झाले होते, आणि आज त्यांच्या लेकीच्या, इंदूच्या, धंद्याचा पहिला दिवस होता.

बरुआसागरच्या पलीकडे एका टेकडीच्या पोटातून ओढा वाहतो. वरच्या तोंडाने आत शिरायचे, रबरी ट्यूबमध्ये बसून पाऊण तास मिट्ट काळोखातून तरंगत जायचे आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचे. परवानगी मिळवायला इंदूला दोन वर्षे लागली. धोका एकच होता. दुपारी चार वाजता वरून तलावाचे पाणी सुटे आणि दहा मिनिटांत गुहा छतापर्यंत भरे. सगळे बाहेर आल्याचा फोन आल्याशिवाय चौकीदाराने पाणी सोडायचे नाही, असे ठरले होते.

फोन करायचे काम विद्याधरांनी मागून घेतले. नियमही त्यांचाच. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे एकही डबा तुटून राहिला नाही. तसाच दिवा शेवटच्या ट्यूबला.

"माणसं मोजून नाही चालणार का, बाबा?" इंदूने विचारले होते.

"मोजण्यात माणूस चुकतो. दिवा चुकत नाही."

"जी, गार्डसाहब!" म्हणून तिने सलाम ठोकला होता.

वरच्या तोंडाशी त्यांनी स्वतःच्या हाताने तो दिवा इंदूच्या ट्यूबला बांधला. सर्वांत पुढे वाटाड्या हरप्रसाद, मागे ग्वाल्हेरहून आलेली सहा माणसे, शेवटी इंदू. माणसे आठ, ट्यूब आठ. मग टेकडीला वळसा घालून ते खालच्या तोंडाशी येऊन बसले. गुहेतून वटवाघळांचा उग्र वास येत होता आणि पाण्याचा आवाज, कुणी भिंतीपलीकडे पुटपुटत असावे तसा.

तीन वाजून छत्तीस मिनिटांनी हरप्रसाद बाहेर आला. पाठोपाठ हसत, शिंकत सहा माणसे. त्यानंतर, बऱ्याच वेळाने, इंदू.

तिच्या मागे दिवा नव्हता.

"दिवा कुठाय?"

"मागच्या बाईंना दिला." इंदूचे दात वाजत होते.

"मागे कोण? शेवटची तू."

"मलाही तसंच वाटत होतं... वळणावर मागून आवाज आला. 'बाळे, दिवा देतेस? काळोख फार आहे गं.' मराठीत, बाबा! मला वाटलं, आपल्यातलंच कोणी असेल. तुम्हीच पाठवलं असेल."

झाशीत कुठे बाजारात, दवाखान्यात मराठी कानावर पडली, तर ते माणूस घरचेच समजायचे, हे लेकीला विद्याधरांनीच शिकवले होते.

"चेहरा पाहिलास?"

"नाही. दिवा देताना हात लागला फक्त." ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. "कोरडा होता, बाबा. एवढ्या पाण्यात... कोरडा."

त्यांनी काठावरची माणसे मोजली. आठ. पुन्हा मोजली. आठ. घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटे झाली होती.

तेवढ्यात आत, खूप आत, एक लाल ठिपका दिसला. पाणी बाहेर वाहत होते, पण ठिपका जागचा हलत नव्हता.

"बाळे... थांब गं..."

हरप्रसाद दोन पावले मागे सरला. "बिन्नू, भीतर ना जइयो," तो इंदूला हळूच म्हणाला.

पण इंदू पाण्यात उतरली होती. "अडकलंय कोणीतरी."

"आठ गेले, आठ आले! मी मोजलेत."

"मोजण्यात माणूस चुकतो, तुम्हीच म्हणालात ना? दिवा आत आहे, बाबा."

त्यांनी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरला. तो ओला पट्टा हातातून निसटला. इंदू कमरेइतक्या पाण्यात गेली, मग छातीइतक्या. काळोख तिच्यापासून चार हातांवर उरला, आणि फोन वाजला. चौकीदार होता.

"बाबूजी, चार बज रहे हैं। खोल दें?"

एकतीस वर्षांत शेवटचा दिवा पाहिल्यावाचून त्यांनी एकही गाडी पूर्ण म्हटली नव्हती. त्यांनी आतल्या लाल ठिपक्याकडे पाहिले. मग लेकीच्या पाठीकडे.

"खोल दो," ते म्हणाले. "लाइन क्लियर है."

इंदूने ते ऐकले. ती वळली आणि वडिलांकडे बघतच राहिली. टेकडीच्या पोटात घरघर सुरू झाली तेव्हा हरप्रसादने पाण्यात उडी घेऊन तिला काठावर ओढले. दिवा लगेच विझला नाही. पाणी चढेल तसतसा तो वर चढत गेला, सावकाश, अगदी छताला टेकेपर्यंत. आतून पुन्हा हाक आली नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार. आकाश स्वच्छ. सकाळी सात वाजता पाणी बंद झाल्यावर खालच्या डोहात एक ट्यूब तरंगताना सापडली. काठावरच्या आठ ट्यूब जागेवर होत्या. ही नववी. तिला विद्याधरांचा लाल दिवा बांधलेला होता आणि तो चालू होता. ट्यूबमध्ये एक केशरी जॅकेट होते. त्याचे तिन्ही पट्टे लावलेले होते.

इंदूने जॅकेटच्या आत हात घातला. "सूखा है," ती हरप्रसादला म्हणाली. वडिलांशी ती बोलली नाही.

आत गेलेली माणसे आठ. बाहेर आलेली आठ. ट्यूब नऊ.