दोघे हजर

मे महिन्यातल्या भर दुपारी भूत येतं म्हटलं तर नागपूरकर हसेल. असल्या उन्हात भूतसुद्धा कूलरपुढे लोळेल, म्हणेल. सुमंतही हसलाच असता. महिन्याची तपासणी उरकून त्याला जेवायला धरमपेठेत घरी पोचायचं होतं, म्हणून एकटाच विमानतळाजवळच्या रडारखोलीत आला होता.

तपासणी म्हणजे 'पोपट' बघायचा. मौद्याच्या बाजूला माळावर एका उंच खांबावर यंत्र बसवलंय. रडारनं विचारलं की ते न चुकता उत्तर देतं, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणतात. त्याचा ठिपका पडद्यावर ठरल्या जागी दिसला की रडार ठीक आहे समजायचं. विमानांचे ठिपके सरकतात, पोपट कधी हलत नाही.

आज तो हलला.

सुमंतनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. रडारच्या प्रत्येक फेऱ्याला ठिपका अलीकडे येत होता. मौद्याहून सरळ या खोलीकडे. त्यानं इंटरकॉम उचलून टॉवरला विचारलं, "मुग्धा, तुमच्याकडे पोपट कुठे दिसतोय?"

"जागेवरच आहे सर. काहून, काय झालं?"

"काही नाही..."

तो दाराकडे गेला. कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, पण दार हललं नाही. खांदा लावला, लाथा घातल्या. मोबाइलला त्या खोलीत रेंज नव्हतीच. आणि मग बंद खोलीत खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा वास आला. रुपरावाच्या गालात असायचा तसाच, ओला खर्रा.

सुमंतच्या हाताखालचा रुपराव मागच्या महिन्यात त्या खांबावरून पडून गेला. नियम साधा आहे. एकानं वर चढायचं, दुसऱ्यानं खाली दोरी धरायची. त्या दिवशी सुमंत घरी झोपला होता आणि रजिस्टरमध्ये आदल्या दिवशीच लिहून मोकळा झाला होता: दोघे हजर. चौकशीतही तेच रेटलं. दोरी मी धरली होती, हूक त्यानंच नीट लावला नाही! रुपरावाची बायको प्रयागबाई हे ऐकून नुसती बघत राहिली होती. ती नजर त्याला आजही झोपू देत नव्हती.

ठिपका आता विमानतळाजवळच्या बेसाच्या अलीकडे आला होता.

इंटरकॉम वाजला. सुमंतनं झडप घातली. "मुग्धा! दार उघडायला कोणाला तरी पाठव!"

पलीकडे वारा वाहत होता. मोकळ्या माळावरचा वारा.

"साहेब... मी वर चढून राहिलो. तुमी खाली आहा न जी?"

नाही म्हणायचं होतं. एकदा खरं बोलावं, त्याच्यापुढे तरी. पण खोटं जिभेवर इतकं बसलं होतं की तेच आधी बाहेर पडलं.

"हो... हो रुपराव. आहे मी."

ठिपका पडद्याच्या मधोमध पोचला. दार अलगद उघडलं. सुमंत जीव घेऊन बाहेर धावला, आणि थबकला. समोर विमानतळ नव्हता. पांढरं ऊन, तापलेला माळ, तो खांब. वरून दोरी लोंबत होती, हलत होती.

"धरा न जी, साहेब..."

तासाभरानं ड्यूटीवरच्या रवींद्रनं आणि दोघा शिपायांनी रडारखोलीचं दार तोडलं. ते आतून लागलेलं होतं. आत कोणीच नव्हतं. टेबलावर चष्मा होता, रजिस्टर उघडं होतं. आजच्या तारखेपुढे सुमंतच्याच अक्षरात दोन शब्द होते. दोघे हजर.

टॉवरमध्ये मुग्धा मात्र पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हती. पोपटाच्या जागी एकाला लागून एक असे दोन ठिपके दिसत होते. दोन्ही हलत नव्हते.