औषध संपेपर्यंत

औषधांच्या दुकानाचं शटर जेवणाच्या सुट्टीसाठी अर्धं खाली आलं होतं, तरी ती वाकून आत शिरलीच. कडेवर बहिणीचं बाळ, हातात पिशवी, तोंडचं पाणी पळालेलं. काउंटरवर तिने पिशवीतला लंगोट उलगडला.

"रक्त..." एवढंच म्हणाली.

बहीण बाळंतपणात रक्तस्रावानेच गेली होती. मागे उरला हा गब्दुल. त्याला काही झालं तर आपण जगायचं तरी कशासाठी, हे मावशीला खरंच कळत नव्हतं.

औषधवाल्याने जेवणाचा डबा बाजूला सारला, चष्मा वर चढवला आणि तो ऐवज नीट निरखून पाहिला.

"ताप? उलटी?"

"नाही."

"दूध पितोय?"

"हावरटासारखा. डब्याचं."

"लोह घातलेलं ना? मग हे रक्त नाही. परवा कानासाठी दिलेलं औषध आणि दुधातलं लोह पोटात एकत्र आलं, की शी अशी विटकरी होते. औषध संपलं की रंग जातो." तरी त्याने डॉक्टरांना फोन लावून तिच्यासमोर खात्री करून घेतली.

"मग परवाच सांगायचं होतं! माझा जीव गेला असता."

"सांगणारच होतो..." त्याचे कान लाल झाले. "पण तुमच्याकडे बघत बसलो आणि — राहून गेलं."

ती हसली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. त्याने गब्दुलला आपल्या कडेवर घेतलं.

मग ती रोज दुपारी बातमी द्यायला येऊ लागली.

"आज?"

"वीटच."

"आणि आज?"

"जरा फिकट. लोक भेटताना फुलांबद्दल बोलतात म्हणे..."

"फुलांचं मला कळत नाही. हे कळतं."

औषध संपलं, रंग गेला. तरी ती येत राहिली आणि बेधडक "अजून लालच" सांगत राहिली. तोही खोटं पचवून काळजीचा चेहरा करायचा. दोघंही नाटकात कच्चे होते.

एका दुपारी मात्र ती थट्टा न करता उभी राहिली.

"दाजींची बदली झालीय. गब्दुलला घेऊन जाणार. घरच्यांचं म्हणणं... मीच त्यांच्याशी लग्न करावं. नाहीतर ते दुसरी बघतील."

"दाजी कसे आहेत?"

"चांगले आहेत हो. वाईट असते तर सोपं झालं असतं."

"तुम्ही बाळासकट आलात तरी मी —"

"माहितेय. पण बाळ माझं नाही ना!"

तो औषधांच्या कपाटाकडे वळला. गब्दुलचा कान पुन्हा दुखत होता, डॉक्टरांनी तेच औषध लिहिलं होतं. त्याने बाटली तिच्या हातात दिली आणि बोटं तिथेच राहू दिली.

"या वेळी सांगतो. लाल दिसेल... घाबरायचं नाही."

"तुम्ही आवडता मला," ती म्हणाली, आणि शटरखालून वाकून निघून गेली.

बदलीच्या घाईत लग्न चार दिवसांत उरकलं. नव्या घरात लंगोट बदलताना दाजी किंचाळले. बिचारे, बहिणीच्या बाळंतपणातलं रक्त त्यांनीही पाहिलं होतं.

"रक्त नाही ते," ती शांतपणे म्हणाली. "औषध संपलं की जाईल."

"तुला कोणी सांगितलं?"

"औषधवाल्याने."

त्यानंतर रोज लंगोट उघडताना ती क्षणभर थांबायची. तो रंग तिला हवासा वाटायला लागला होता. औषधाचा शेवटचा थेंब चमच्यात पडला, त्यानंतर दोन दिवसांनी दाजी आनंदाने ओरडले, "अगं, बघ! गेला रंग!"

ती तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडू लागली.

"अगं, वेडी का तू? चांगलंच झालं ना?"

"हो," ती म्हणाली आणि गब्दुलला कोरडा लंगोट बांधू लागली.