साडेचारचं शीड

तो दुकानात शिरला तेव्हा मी ट्रॅक्टरच्या ताडपत्रीच्या कडा शिवत होते. पुसदच्या बसस्टँडमागं आमचं ताडपत्री शिवायचं दुकान. बाबा जेवायला गेलेले. त्यानं काउंटरवर निळं-पिवळं, कडक कापड पसरलं... मधोमध हातभर फाटलेलं.

"हे शिवून भेटन काय?"

"तंबू हाय काय?"

"शीड हाय. पाण्यावर फळी असते, तिच्यावर हे उभं धरायचं अन् वाऱ्यानं पळायचं. गोव्याले शिकवतो मी. पावसाळ्यात तिकडं काम बंद, म्हणून आपल्या पूस धरणावर पळून राह्यलो."

"अन् डुबले तर?"

"तुमची शिलाई पक्की असली तर नाई डुबत," असं म्हणून हसला मेला! माझ्या मशीनचा दोराच तुटला.

शिलाई टिकते का ते बघायला मी रविवारी धरणावर गेले. घरी तरी तसंच सांगितलं. पुढच्या रविवारीही गेले. तोवर कळलं होतं — नाव कपिल राठोड, घर काठावरच्या तांड्यात, आणि शिडं तीन.

"आज कोणतं लावू?" तो विचारायचा.

"वारा जोरात हाय, तर मोठं."

"घ्या! अशानं मी पार नांदेडले पोचतो."

मग समजावायचा. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या असल्या की साडेसात चौरस मीटरचं मोठं शीड, कारण मंद वारा गोळा करावा लागतो. पांढरे तुरे उठले की साडेचारचं लहान, नाहीतर वारा माणसालाच उचलून आपटतो. आणि समुद्रावर उंच लाटा असल्या तर त्याहून लहान, जाड कापडाचं... लाट अंगावर यायच्या आत फिरवता आलं पाहिजे. बोलता बोलता तो माझा तळहात वाऱ्याकडे वळवायचा.

"लागते काय?"

"लागते," मी म्हणायची. वाऱ्याकडे लक्ष होतं कोणाचं!

श्रावण असाच गेला. काय दिवस होते ते, बाई! भाजलेली कणसं, ओल्या कपड्यांचा वास, त्याच्या कोपरावरून ओघळणारं पाणी... आजही ते आठवलं की हातातलं काम राहून जातं.

पोळा झाला आणि वारा पडला. गोव्याहून बोलावणं आलं, उद्याची बस. इकडं घरी बोरी अरबचं स्थळ आलेलं, मुलगा रविवारी बघायला येणार होता. मी कपिलला सांगितलं. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "चांगलं हाय." चांगलं हाय म्हणे! असं वाटलं, ढकलून द्यावं धरणात.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं तिन्ही शिडं काठावर मांडली. "आज तू निवड."

पाण्यावर कशाबशा सुरकुत्या होत्या. मी साडेचारचं उचलून त्याच्या हातात दिलं.

त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि ते डोलकाठीला चढवलं. फळी कशाला हलते! गुडघाभर पाण्यात, माझ्या अगदी समोर, तो फळीवर लोंबकळतं शीड धरून उभा.

"समीक्षा, हे चुकीचं हाय."

"मले माहीत हाय."

"मंग देल्लं काहून?"

रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त. "मोठं देल्लं असतं तर तू पल्याड गेला असता. मले तू दूर नको. तिकडच्या काठाले नको, गोव्याले नको! अन् तुले माहीत होतं, तर बांधलं काहून?"

तो खाली उतरला. शीड पाण्यात आडवं झालं.

"मलेबी कुठी जायचं नव्हतं."

"मंग बोलत काहून नव्हता?"

"तू हो म्हणशीन असं वाटलंच नाई... आता बोलतो ना. उद्या सकाळी मायले घेऊन तुह्या बाबाकडे येतो. बस जाऊ दे."

मी खुशाल रडले, भोकाड पसरून. तो मात्र जागचा हलेना.

"ये ना आता वर!"

"हात दे ना... गाळात पाय रुतला."

मी दिला. अजून सोडलेला नाही.