शमीखालची विहीर

चहा घ्या आधी. ओमानला जावं की नाही, एवढंच विचारायला तुम्ही आलात ना? जाच. डिसेंबर-जानेवारीत जा. पण आमच्या बाबतीत जे झालं ते ऐका आणि मग तिकिटं काढा. मी घाबरवायला सांगत नाहीये. त्या देशाचे आमच्यावर उपकारच आहेत.

त्या वर्षी नोव्हेंबरात मी बेलापूरच्या केमिस्टकडे ह्यांच्या दम्याचा पंप आणायला गेले होते. महिन्यातला तिसरा. श्यामसुंदरना दमा जुनाच, पण इथला हिवाळा त्यांना सोसत नाही. थंडी अशी असतेच कुठे आपल्याकडे? पहाटे खाडीवरून ओल येते, तिच्यात बांधकामांची धूळ मिसळते, आणि दहा वाजेपर्यंत पारसिकचा डोंगरसुद्धा दिसत नाही. आमचे डॉक्टर दुकानातच भेटले. म्हणाले, "बाई, किती पंप नेणार? त्यांना पंधरा दिवस कोरड्या, उबदार हवेत ठेवा."

घरी येऊन अस्मिताला, आमच्या मुलीला, फोन केला. तिनं संध्याकाळपर्यंत सगळं ठरवून टाकलं. "मस्कत, आई. अडीच तास. पुण्याला जाताना घाटात अडकलात तर याहून जास्त लागतात."

काय सांगू तुम्हाला! वाळवंट म्हणजे भाजून निघायचं, अशी माझी समजूत. जानेवारीतलं तिथलं ऊन आजारी माणसाच्या छातीवर हात ठेवल्यासारखं असतं. निझवा गावातल्या किल्ल्याचा बुरूज एवढा रुंद, की वर चढल्यावर माणसाला मैदानात उभं राहिल्यासारखं वाटतं. खाली खजुराची राई, आणि तिच्यातून शेकडो वर्षांपूर्वी खोदलेले पाट अजून झुळझुळ वाहतायत. दारात उभं राहिलं की कोणीही आत बोलावतं, खजूर पुढे करतं, वेलदोड्याचा वास असलेली बिनदुधाची कॉफी देतं. तिसऱ्या दिवशी हे किल्ल्याच्या पायऱ्या न थांबता चढले. वर पोचल्यावर माझ्याकडे बघून हसले. वीस वर्षांत मी त्यांना असं, श्वास न मोजता हसताना पाहिलं नव्हतं. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

पाचव्या दिवशी आम्ही वाळूच्या प्रदेशात गेलो. लाल वाळूच्या टेकड्या, त्यांच्यात दहा-बारा तंबूंचा मुक्काम. सलीम नावाचा तिथलाच ड्रायव्हर होता, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. समुद्र तिथून एका दिवसाच्या चालीवर, असं तो म्हणाला. रात्री जेवून आम्ही लवकर झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी. ह्यांना बरं वाटायला लागल्यापासून पहाटे फिरायची हौस आली होती. मी बाहेर डोकावले आणि थबकले. तंबूसमोर काहीच नव्हतं. धुकं. वाळवंटात धुकं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. समुद्रावरून ते रात्रीतून आत सरकलं होतं. दाट, पांढरं, ओलं. दोन हातांवरची खुर्चीसुद्धा दिसत नव्हती.

आणि ह्यांचा पंप उशाशीच पडलेला.

मी पंप घेतला आणि वाळूतल्या पावलांवरून निघाले. सलीमला उठवायचं सुचलंच नाही. पावलं एक टेकडी चढून पलीकडे उतरली होती. कसला आवाज नाही. वाळूवर आपलं पाऊलही वाजत नाही. मी हाका मारत होते आणि हाक तोंडापुढेच विरत होती. किती वेळ चालले कोण जाणे... आणि मग ती शीळ ऐकू आली. दम्याची. ती मी कुठेही ओळखेन.

हे गुडघ्यांवर बसले होते, ओठ काळेनिळे. पंप दिला. एकदा, दोनदा. श्वास थोडा सुटला, पण उभं राहवेना. मी त्यांचा दंड धरून कसंबसं उठवलं आणि परत जायला वळले. पावलं नव्हती. ओल्या वाळूवर माझीसुद्धा पावलं नव्हती.

मी एका दिशेनं चार पावलं टाकली. तेवढ्यात वास आला. सुक्या बोंबलांचा. बघा, आजूबाजूला एक काडी उगवत नाही अशा जागी, आपल्या उरणच्या मोरा बंदरात, मोऱ्याच्या धक्क्यावर येतो तसा वास. आणि अगदी कानाशी कोणीतरी बोललं...

"बाय... तकरं... जाव नको."

मी उरणच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलंय. ही बोली माझ्या वर्गातल्या कोळ्यांच्या पोरांची; तिकडे जाऊ नको, असं सांगत होता. पण आवाज मोठ्या माणसाचा होता, जाड, घोगरा, आणि प्रत्येक शब्द सुटा. पहिलीतलं मूल बोट ठेवून वाचतं ना, तसा.

"हिकरं... ये. पानी... हाय."

अंगावर काटा आला. पण खरं सांगते, त्या घडीला मला भीतीपेक्षा आधार वाटला. त्या परक्या वाळूत कोणी आपलं बोलत होतं. दिसत कोणीच नव्हतं. धुकं डोळ्यांना झोंबत होतं. मी डोळे मिटले आणि आवाज नेईल तशी चालत राहिले. मधेच विचारलं, "कोण तुम्ही?"

"मोऱ्याचा... बाळाबायचा... भैरू."

पुढे बराच वेळ काही नाही. फक्त तो वास. मग पायांखाली वाळू संपून दगड लागला आणि आवाज शेवटचा आला...

"आयेला... सांग. माना... पानी... गावला."

मला पाणी मिळालं, असं आईला सांग म्हणत होता. मी डोळे उघडले. समोर दगडी बांधाची विहीर. तिच्यावर वाकलेलं मोठं शमीचं झाड. एक म्हातारी बेदुइन बाई शेळ्यांना पाणी पाजत होती. तिनं आम्हाला पाहिलं, हातातला दोर टाकला आणि धावत आली. तिनं ह्यांना झाडाला टेकवून बसवलं, कोमट दूध पाजलं, पाठ चोळली. ऊन वर आलं तसं धुकं विरलं आणि हे पुन्हा नीट श्वास घेऊ लागले. सलीम गाडी घेऊन शोधत आला तेव्हा म्हणाला, "दुसऱ्या बाजूला गेला असतात तर संध्याकाळपर्यंत माणूस भेटला नसता."

शमीखाली दगड रचून केलेली एक जुनी कबर होती. मी सलीमला तिच्याबद्दल विचारलं.

"ती परदेसी माणसाची," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. वादळात लाकडी गलबत फुटलं. एक खलाशी किनाऱ्यावरून पाण्यासाठी आत चालत आला. माझ्या आजोबांना तो सकाळी सापडला. विहिरीपासून एवढ्यावर..." त्यानं दगड फेकून दाखवला. दगड फार लांब गेला नाही. "नाव कोणाला माहीत नाही. आजोबांनी पुरला, आणि त्यांनी सांगून ठेवलंय म्हणून आमच्या घरचे अजून रोज तिथे ओंजळभर पाणी घालतात."

मी खाली बसले आणि त्या कबरीला हात जोडले. रुमालात मूठभर वाळू बांधून घेतली.

परत आल्यावर आठ दिवसांत आम्ही दोघं मोऱ्याला गेलो. धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांना बाळाबाईचं घर विचारलं. एकीनं लगेच बोट दाखवलं. नव्वदीची असेल बाळाबाई. डोळे गेलेले, पाठ वाकलेली, पण आवाज खणखणीत. आवाजाचं तेवढं मागे ठेवून मी बाकीचं सांगितलं. कबर सांगितली, ते रोजचं पाणी सांगितलं, वाळू तिच्या हातात दिली. तिनं ती मूठ छातीशी धरली.

"चालीस वरसा झाली, बाय," ती म्हणाली. "रोज सपनान यं माजा पोर. हात तोंडाला लावून पानी मागं. मी घागर उचलीन, तवर जाग यं..." तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "पन तो भैरू, ह्या तुला कुनी सांगला?"

"त्यानंच. तो बोलला माझ्याशी."

"बोलला?"

"हो. 'आयेला सांग, माना पानी गावला,' म्हणाला."

तिनं चाचपडत माझा चेहरा शोधला आणि दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले.

"माजा भैरू मुका व्हता, बाय. जल्माचा मुका. एक सबुद त्याच्या तोंडातना मी कवा आयकला नाय..." तिच्या आंधळ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. "कसा हाय गो त्याचा आवाज?"

जाड आहे म्हटलं, घोगरा आहे, थांबून थांबून बोलतो. तिनं ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. निघताना माझा हात सोडेना. "उपकार झालं," म्हणत राहिली. उपकार कोणाचे कोणावर, सांगा तुम्ही.

त्या रात्रीपासून पोरगा तिच्या स्वप्नात पाणी मागायला आला नाही, असं तिच्या नातीनं मागाहून कळवलं. दोन वर्षांनी म्हातारी शांतपणे गेली. आम्ही दर जानेवारीला तिकडे जातो. ह्यांचा दमा म्हणाल तर पंपाची आठवणसुद्धा होत नाही. शमीखाली बसतो, ओंजळभर पाणी घालतो, सलीमच्या घरी जेवतो. म्हणून म्हणते, जा. असा प्रेमळ देश दुसरा नाही.

एक मात्र राहिलं.

त्या दिवशी बाळाबाईकडून निघून आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर बसलो होतो. भरती लागत होती. हे लाटांकडे बघत होते. मग म्हणाले, "मंजू, तिथे तिच्यासमोर बोललो नाही मी... धुक्यात दुसरं कोणी नव्हतं."

"दिसत नव्हतं. पण आवाज तर ऐकलात ना?"

"ऐकला. शब्द न् शब्द." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू माझा दंड धरून डोळे मिटून चालत होतीस. आणि तोंड तुझं हलत होतं. 'तकरं जाव नको' तू म्हणालीस. मधेच तुझ्या आवाजात 'कोण तुम्ही' विचारलंस, आणि त्याच तोंडानं त्या दुसऱ्या आवाजात उत्तर दिलंस. श्वास कमी पडत होता, मला वाटलं भास असेल..."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. काय बोलणार? चांगलंच झालं सगळं.

फक्त गेल्या महिन्यात ह्यांनी आपली गादी दुसऱ्या खोलीत नेली. उकडतं म्हणाले. आणि काल सकाळी चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंजू, मोऱ्यात अजून कोणाकोणाची माणसं समुद्रावरून परत आली नाहीत, हे कुठे कळेल का गं? मला रात्री ऐकलेलं एक नाव विचारायचं होतं..."