अकरावा फर्मा

“पानं काढ मुकाट्यानं!”

दार उघडल्याबरोबर लंबूनं तोफ डागली. त्याच्या कोपराखालून त्याची धाकटी बहीण टिकटिक डोकावत होती. दोघं खालच्याच मजल्यावर राहायची, पण सुट्टी लागल्यापासून वर यायची ही त्यांची पहिलीच खेप.

“कुठली पानं?” घुमीनं विचारलं.

“वा! म्हणे कुठली! चाच्यांच्या गोष्टीची! पान ऐंशीवर कप्तान तळघराचं दार उघडतो आणि पुढचं पान थेट सत्त्याण्णव! तिथे त्याचा एक पाय लाकडाचा! पाय गेला कसा?”

“दादानं काल जेवताना दुसऱ्यांदा वाढूनसुद्धा घेतलं नाही,” टिकटिक म्हणाली. “बघा म्हणजे!”

घुमीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतंच होतं. बोलत नाही म्हणून सगळे तिला घुमी म्हणायचे. बोलायचं कुणाशी? घरात ती आणि आई. आई दिवसभर ऑफिसात. मोठा भाऊ मागच्या वर्षापर्यंत होता. दोघं मिळून एका बाजूनं कोऱ्या कागदांच्या वह्या बांधायची, गोष्टींची फाटकी पुस्तकं पुन्हा शिवायची. तो घड्या घालून दोरा ताणून धरायचा, ती शिवायची. तो शिकायला दूर गेला आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरायला कुणी उरलं नाही. मग तिला वाचनालयाचा तेवढा आधार होता.

परवा तोही गेला. चाच्यांच्या पुस्तकात पानं नाहीत हे तिनंच जाऊन वाचनालयाच्या काकांना सांगितलं, आणि ते तिच्याच अंगावर शेकलं! “नुकतंच बांधून आलंय ते. मी स्वतः तपासून घेतलंय! आणि पहिल्यांदा नेलं कुणी? तू! घरी सुया, दाभण, दोरे घेऊन पुस्तकं बांधत बसतेस ना?” सगळ्यांसमोर त्यांनी तिचं कार्ड खणात टाकलं. 

“ते पुस्तक आणलंयस?” तिनं आता विचारलं.

लंबूनं पोटाशी धरलेलं पुस्तक नाइलाजानं पुढे केलं. घुमीनं ते मधोमध उघडून शिवण पाहिली. मग तिनं टेबलावरची स्वतःची एक छोटी वही उचलली आणि तिचं एक पान टर्रकन फाडलं.

“अगं!” टिकटिक किंचाळली.

“आता मागची बाजू बघ.”

वहीच्या मागच्या भागातलं एक पान आपोआप सैल होऊन बाहेर लोंबत होतं.

“कागद दुमडून शिवतात. त्यामुळे पुढचं पान आणि मागचं पान म्हणजे एकच कागद. एक फाडलं की त्याच्या जोडीचं पान सुटतं. तुझ्या पुस्तकात एक तरी पान सैल आहे?”

लंबूनं शोधलं. “नाही.”

“चार कागद एकात एक घातले की सोळा पानांचा एक गठ्ठा होतो. त्याला फर्मा म्हणतात. ऐंशी ते सत्त्याण्णव, मधली किती गेली?”

“सुट्टीत गणित?” लंबू कुरकुरला.

“सोळा!” टिकटिक ओरडली. “अख्खा फर्मा!”

“पण तो नंतर काढायचा तर दोरा कापावा लागेल. दोरा कापला की पुस्तक खिळखिळं होणार. ओढ बघू.”

लंबूनं जोर लावला. पुस्तक हूं की चूं करेना.

“म्हणजे शिवतानाच तो फर्मा नव्हता!” लंबूचा आवाज एकदम खाली आला. “मग तू चोर नाहीस.”

“नाही,” घुमी म्हणाली. अख्ख्या सुट्टीत ती एवढं बोलली नव्हती. तिचा घसा दुखायला लागला होता.

“मग तो आहे कुठे?”

“दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकात शिवला गेला असणार.”

वाचनालयात लंबू आणि टिकटिक आत गेली. घुमी बाहेर, खिडकीखालच्या पायरीवर उभी राहिली. कार्ड नसलेल्यांना आत येऊ देत नसत. गजांमधून तिला तिची नेहमीची कोपऱ्यातली खुर्ची दिसत होती. तिच्यावर कुणीतरी छत्री ठेवली होती. तिला फार वाईट वाटलं.

टिकटिकनं काकांना गाठलं. “काका, जिराफाला किती दात असतात? आणि ते कुठल्या पुस्तकात असतं? आणि ते पुस्तक किती जाड असतं?”

तेवढ्यात लंबू चाच्यांच्या पुस्तकाच्याच मापाची, त्याच वेळी खाकी कापडात बांधून आलेली पुस्तकं एकेक करून खिडकीशी आणू लागला.

“वरच्या कडेला पाठीशी बघ,” घुमी कुजबुजली. “बारीक घड्या दिसतात ना? एक घडी म्हणजे एक फर्मा. मोज. शेवटच्या पानाचा आकडा सांग.”

पहिलं पुस्तक बरोबर निघालं. दुसरं, तिसरंही. चौथं होतं कोंबड्या पाळण्यावरचं. त्याला बांधून आल्यापासून कुणी हात लावला नसावा.

“शेवटचं पान एकशे साठ. घड्या अकरा.”

“एकशे साठ म्हणजे दहाच हव्यात! उघड!”

लंबू वाचू लागला. “‘अंडी उबवताना ऊब कायम राखावी.’ पान शहाण्णव. पुढे... परत एक्याऐंशी! ‘कप्तान किंचाळला, माझा पाय!’”

“सापडला पाय!” टिकटिक त्या शांत वाचनालयात अशी ओरडली की दोन आजोबांच्या हातातली वर्तमानपत्रं गळाली.

नेमका त्याच वेळी बाइंडर नव्यानं बांधलेली पुस्तकं घेऊन आत आला. खांदा आणि कान यांच्यामध्ये त्यानं मोबाइल दाबून धरला होता आणि कुणाला तरी बसचा रस्ता समजावत होता. काकांनी लंबूच्या हातातलं कोंबड्यांचं पुस्तक घेऊन पाहिलं आणि बाइंडरसमोर उघडून धरलं. त्यानं फोन बंद केला.

“दोन्हींचा सहावा फर्मा,” तो कान खाजवत म्हणाला. “फर्मे लावताना त्यांच्यावरचा आकडा बघतो मी. सहा म्हणजे सहा. पण त्या दिवशी जरा फोनवर...”

“आणि तुम्ही तपासली होती ना पुस्तकं?” टिकटिकनं काकांना विचारलं. “उघडून की नुसतीच मोजून?”

“मोजून,” काका पुटपुटले. मग त्यांना खिडकीत घुमी दिसली. “आत ये बाळ.”

“माझ्याकडे कार्ड नाही.”

काकांनी खणातून कार्ड काढलं, स्वतः बाहेर आले आणि पायरीवर तिच्या हातात दिलं. “चुकलो मी,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आमच्या पांढऱ्या केसांपेक्षा तुझे डोळे हुशार!”

“माझ्याकडे कामाला येतेस का?” बाइंडर म्हणाला.

“नको. तुमच्याकडे फोन फार वाजतो,” घुमी म्हणाली. सगळे खो खो हसले. लंबूनं तर उद्यापासून वह्या शिवायला यायचं परस्पर ठरवूनही टाकलं.

संध्याकाळी आई आली तीच हसत. “काकांचा फोन आला होता! किती कौतुक करत होते तुझं!”

घुमी कागदांना घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

“आई, परवा ती पानं शोधायला तू माझा खण उघडलास?”

आईचं हसू मावळलं. “तुला कसं कळलं?”

“मी कागदांच्या घड्यांची पाठ डावीकडे ठेवते. तू उजवीकडे ठेवलीस.”

कार्ड गेलं तेव्हा ती रडली नव्हती. त्या उलट्या घड्या पाहून मात्र खूप रडली होती.

“तुला विचारायला हवं होतं मी,” आई हळूच म्हणाली.

“हो.”

मग घुमीनं सुईत दोरा ओवला आणि त्याचं दुसरं टोक आईपुढे धरलं.

“दादा धरायचा. एकटीनं सैल होतं.”

आई खांद्यावरची पर्स न काढताच जमिनीवर बसली. “असं?”

“आणखी ताण. आणि सोडू नकोस.”

“नाही सोडणार,” आई म्हणाली.