हिरव्या मेसेजची मुलगी

चेंडू थेट मार्नीच्या ताटलीत येऊन पडला.

ताटलीत नुकतेच तळलेले चीजचे तुकडे होते. ते चहूकडे उडाले, सॉसची वाटी उलटली आणि त्यातला बराचसा सॉस तिच्या पांढऱ्या शर्टावर येऊन बसला. ती ओरडणार, तोच एक उंच, उन्हानं लालबुंद झालेला मुलगा अनवाणी धावत आला. गुडघ्यापर्यंत वाळू, चेहऱ्यावर अपराधी भाव... आणि डोळ्यांत मात्र हसू.

"सॉरी! खूपच सॉरी! चेंडू मिळेल का परत?"

"आणि माझं चीज?"

"चीज मी देतो ना. नवीन, गरम. पण एक अट आहे."

"शर्टाची वाट तू लावलीस आणि वर अटही तूच घालणार?"

"आमच्या टीममध्ये एक मुलगी कमी पडतेय. नाही मिळाली तर खेळायच्या आधीच हरलो. तुला व्हॉलीबॉल येतो?"

"अजिबात नाही."

"छान! मलाही येत नाही. आत्ता पाहिलंसच की."

मार्नी कुबियाक हसली, आणि खरं तर तिथेच तिचा निकाल लागला. तिला स्वतःला हे कळायला पुढे बरेच दिवस लागले, ती गोष्ट वेगळी. मुली अशा बाबतीत जरा मंदच असतात.

मिलवॉकीच्या तळ्याकाठी, एका बारच्या मागच्या वाळूत, दर बुधवारी हे सामने व्हायचे. तळ्यावरून गार वारा यायचा आणि चेंडू भलतीकडेच न्यायचा. मुलाचं नाव टोबिन हाल्व्हरसन. तो बिअरच्या बाटल्यांवरच्या लेबलांची चित्रं काढायचा. मार्नी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायची, त्यामुळे डोळे बघायची तिला सवयच होती. तरी याच्या डोळ्यांकडे बघताना तिनं दोनदा नजर चोरली.

सामना अर्थातच हरले. नंतर सगळे लाकडी बाकावर बसले. टोबिनची मोठी बहीण केर्स्टन ही टीमची स्वयंघोषित कॅप्टन. तिनं फोन काढला.

"चल, तुला ग्रुपमध्ये टाकते. आयफोनच आहे ना तुझा? गेल्या वर्षी एक अँड्रॉइडवाला आला होता, आमचा अख्खा ग्रुप हिरवा करून ठेवला त्यानं. फोटो धूसर, काही धड म्हणून येईना."

"मग काय केलंत त्याचं?" मार्नीनं विचारलं.

"काय करणार? नवीन ग्रुप केला. त्याला वगळून."

सगळे खो खो हसले. टोबिनही हसला. "मला तर हिरवा मेसेज आला की वाटतं, दाताच्या डॉक्टरनंच पाठवला! 'उद्या आपली वेळ आहे, विसरू नका.'"

मार्नीही हसली. खिशातल्या अँड्रॉइडवर तिनं हात घट्ट दाबून धरला होता.

इकडे असंच आहे. दोन आयफोन एकमेकांशी बोलले की मेसेज निळा, आणि मध्ये दुसरा कुठला फोन आला की तोच मेसेज हिरवा. फरक म्हणाल तर एवढाच. पण आपल्याकडे पूर्वी आत्याबाई पत्रिका बघायच्या ना, तशी इथली पोरं मेसेजचा रंग बघतात. आणि गंमत म्हणजे मार्नीला तिचा फोन मनापासून आवडायचा. तिनं तो स्वतः निवडला होता, मैत्रिणींशी भांडून. त्यावर ती चंद्राचे सुंदर फोटो काढायची. आणि आता, गुडघ्याला वाळू लागलेल्या एका मुलासमोर, तिला त्या फोनचं नावसुद्धा घेता येईना. कानशिलं तापली तिची.

"मी नंबर कोणाला देत नाही," ती म्हणाली. "ईमेल देते. त्यावर पाठवा मेसेज, मला मिळतात."

"गुप्तहेर आहेस काय?" टोबिन.

"असेनही..."

त्याचं असं, की घरी एक जुना टॅब होता. चर्चच्या सोडतीत लागलेला, आयफोनवाल्याच कंपनीचा. त्यावर ईमेलच्या पत्त्यावर मेसेज यायचे-जायचे, आणि अगदी निळे निळे. अडचण एकच. वायफाय असेल तिथेच तो टॅब जिवंत व्हायचा.

मग काय विचारता! मार्नी तो टॅब घेऊन कुठे कुठे बसली म्हणून सांगू... वाचनालयात बसली, लॉन्ड्रीत धुवायला कपडे नसताना बसली, कॉफीच्या दुकानाबाहेर पावसात छत्री धरून बसली. टोबिननं सकाळी 'काय करतेस?' विचारावं आणि तिनं संध्याकाळी 'आत्ताच उठले' असं उत्तर द्यावं.

"तू मुद्दाम ताटकळत ठेवतेस ना मला?" तो बुधवारी म्हणायचा.

"थोडं थोडं."

"पण फार छान ठेवतेस बाई."

ती हसायची. आणि रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःलाच म्हणायची, किती खोटारडी आहेस गं तू! उद्या सांग त्याला. पण उद्या आला की तो असा काही बघायचा, की सांगणं परवावर जायचं.

एका संध्याकाळी दोघं धक्क्याच्या टोकाला बसले होते. तळ्यावर धुकं उतरलं होतं. दूर कुठेतरी भोंगा वाजत होता. टोबिननं बोटाच्या टोकानं तिच्या गालावरची एक पापणी हलकेच उचलली...

"माग काहीतरी," तो कुजबुजला.

"मागितलं."

"काय?"

"सांगितलं तर मिळत नाही."

तो जवळ वाकला. इतका जवळ, की तिनं डोळेच मिटले... आणि तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. आयफोनची ती ओळखीची धून नव्हे. तिच्या फोनची, वेगळी. मार्नीनं डोळे उघडले, पर्स ओढली आणि चक्क तिच्यावर बसली!

फोन तिच्याखाली वाजत राहिला. टोबिन मागे सरकला.

"उचल ना."

"नको. कोणी नाही."

"मार्नी, तू नंबर देत नाहीस. माझ्यासमोर फोन बाहेर काढत नाहीस. आणि आता हे." त्याच्या आवाजातली सगळी मस्करी गेली होती. "दुसरं कोणी आहे का?"

"नाही! शपथ, तसलं काही नाही."

"मग शुक्रवारी माझ्या घरच्यांबरोबर मासे खायला ये. आई असेल, केर्स्टन असेल, भाऊ असतील. आलीस तर मी पुन्हा कधी विचारणार नाही."

"आणि नाही आले तर?"

"तर... मला माझं उत्तर मिळालं."

शुक्रवारी तिथे सगळं गाव तळलेले मासे खातं. मार्नी नदीकाठच्या त्या जुन्या हॉटेलात वेळेआधीच पोचली. टॅब तिनं मुद्दामच घरी पलंगावर ठेवला होता. आज टोबिन समोरच असणार होता. आज सगळं सांगून टाकायचं, मग होऊ दे काय व्हायचं ते. ठरलं होतं.

आत मोठ्या टेबलाशी एक बाई एकट्याच बसल्या होत्या. जांभळा स्वेटर, बॉबकट केलेले पांढरे केस, आणि डोळे थेट टोबिनसारखे.

"तू मार्नी ना? मी अर्लीन, टोबिनची आई. ये, ये, बस. आधी हा ब्रेड घे बाई, मी एकटीनं अर्धी टोपली संपवली."

दोघी गप्पा मारत बसल्या. बराच वेळ झाला, कोणीच येईना. शेवटी वाढणारी मुलगी संकोचत टेबलाशी आली.

"हाल्व्हरसनबाई, तुमच्या मुलीनं दुपारीच फोन करून टेबल रद्द केलं होतं. पुलापलीकडे जातोय म्हणाल्या, इथे फार गर्दी असते म्हणून. तुम्ही आलात म्हणून मी हे तसंच ठेवलं. आणखी कोणी येणार आहे का?"

अर्लीनबाईंनी हातातला ब्रेड खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अस्सं होय. ग्रुपवर लिहिलं असणार त्यांनी."

"तुम्हाला नाही दिसलं?" मार्नीनं विचारलं. तिला कळून चुकलं होतं की तिचा स्वतःचा निरोप घरी पलंगावर पडला असणार.

"मी नाही ना त्या ग्रुपमध्ये." त्यांनी पर्समधून फोन काढला. अक्षरं भली मोठी केलेला अँड्रॉइड. "माझा फोन हा असला. मी आले की सगळं हिरवं होतं म्हणे. आधी होते मी, मग पोरांनी नवीन केला. एरवी कोणीतरी फोन करून सांगतंच. आज प्रत्येकाला वाटलं असेल, दुसऱ्यानं सांगितलं."

त्या हसतच बोलत होत्या. फक्त हातानं तो एकच रुमाल पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या.

"लाज वाटते गं जरा," त्या हळूच म्हणाल्या. "कोणी विचारलं की मुलं काय म्हणतात, तर मला शेजारणीकडून कळलेलं असतं. आता नवीन फोन घ्यायचा, तर तो मला जमेल का, याचीही भीती."

मार्नीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. त्या बुधवारी तीही हसली होती, सगळ्यांच्या बरोबरीनं. तिनं पर्स उघडली आणि आपला फोन त्यांच्या फोनशेजारी ठेवला.

"माझाही हाच आहे."

"अगं! पण टोबिन तर म्हणत होता..."

मग मार्नीनं सगळं सांगितलं. टॅब, वाचनालय, लॉन्ड्री, पर्सवर बसणं, सगळं. अर्लीनबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"कपडे नसताना लॉन्ड्रीत? माझ्या मुलासाठी? एवढं काय आहे गं त्याच्यात?"

"हसतो छान."

"हं. ते त्याच्या बापाकडून आलंय. बाकी मी काही खात्री देत नाही."

"त्याला कळवायला हवं," मार्नी म्हणाली. नंबर तिला पाठ होता, फक्त या फोनवरून तो तिनं कधी लावला नव्हता. तिनं लिहिलं: 'मी मार्नी. हा माझा खरा फोन. मी नदीकाठच्या हॉटेलात आहे, तुझ्या आईबरोबर. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.'

आणि तिनं तो मेसेज पाठवला.

टोबिन धावतच आला. दारातच थबकला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले ते दोन फोन त्यानं पाहिले, मग त्या दोघींकडे पाहिलं, आणि त्याला काही सांगावंच लागलं नाही.

"आई... मला वाटलं केर्स्टननं सांगितलं."

"आणि केर्स्टनला वाटलं तू."

"आम्हाला वाटलं, चर्चमधली गाण्याची तालीम उशिरा सुटली असेल तुझी..."

"असू दे रे. बस." अर्लीनबाईंनी त्याच्यापुढे ब्रेडची टोपली सरकवली. "मला एक सांग, त्या ग्रुपमध्ये एवढं बोलता तरी काय तुम्ही?"

"काही नाही गं. असंच."

"मग वाच की. आजचंच वाच."

त्याला नाही म्हणता येईना. त्यानं फोन काढला. "केर्स्टन म्हणतेय, 'जागा बदलली. आईला कोण सांगतंय?'"

"बरं. पुढे?"

टोबिनचा आवाज खाली गेला. "'मी नाही. ती अर्धा तास फोन सोडत नाही.'"

"हे कोणी लिहिलं?"

त्यानं फोन उलटा ठेवला. कान लालभडक झाले होते.

"मी," तो म्हणाला.

अर्लीनबाईंनी मेन्यू उघडला. "अर्धा तास नाही गं होत," त्या मार्नीला म्हणाल्या, "फार तर दहा मिनिटं." मग मासे सांगते आणि काउंटरवरून पेय आणते असं काहीसं म्हणून त्या उठून गेल्या.

मार्नीला त्याचा राग आला होता. खरंच आला होता. पण पकडलं गेल्यावर जो चेहरा आपला होईल या भीतीनं ती उन्हाळाभर पळत होती, तोच आता समोर बसला होता. तिनं टेबलाखाली त्याचा हात शोधला.

"माझा हात कशाला धरतेस?" तो खालीच बघत म्हणाला. "मी धरण्यासारखं काय केलंय?"

"काही नाही केलंस. पण आत्ता कसं वाटतंय ते मला माहितीये."

"तू... माझ्या त्या दाताच्या डॉक्टरच्या फालतू विनोदामुळे लपवलंस?"

"तू मला कमी समजशील म्हणून लपवलं. आणि लपवलं याचीच जास्त लाज वाटते आता. मला तो फोन आवडतो, टोबिन. मी तोच ठेवणार आहे."

"ठेव ना. मला वाटलं, दुसरा कोणी आहे. इतके दिवस मी एका टॅबवर जळत होतो!" तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. "मार्नी, मला तू आवडतेस. फार. तू आली नाहीस असं वाटलं, तेव्हा घास गिळेना. पण आई आली नाही, याचं मला काहीच वाटलं नव्हतं. असल्या माणसाला तू काय म्हणशील?"

"मलाही तू आवडतोस म्हणेन," ती म्हणाली. "पण आत्ता इथे बसू नकोस. तिकडे जा."

काउंटरपाशी अर्लीनबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातातला ग्लास तसाच भरलेला होता.

टोबिन उठला. फोन टेबलावरच राहिला. त्यानं आईजवळ जाऊन काहीतरी म्हटलं, त्यांनी 'जाऊ दे' असा हात हलवला, त्यानं पुन्हा काहीतरी म्हटलं. मग त्यांनी त्याच्या गालाला हात लावला आणि बोलायला लागल्या. शेजारणीचं काहीतरी असावं, नाहीतर चर्चमधलं. गोष्ट लांबत चालली, आणि तो मान खाली घालून, मध्ये एकदाही न तोडता, ऐकत उभा राहिला.

मासे आले, तिघांचेही. मार्नीला सणसणून भूक लागली होती. तिनं त्यांना हाक मारली नाही.