चाकाशेजारच्या चपला

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि ते माझ्या ओळखीचे नव्हते.

करी रोडला आमच्या चाळीमागे, मिलच्या जुन्या भिंतीला टेकून बाबांची पत्र्याची शेड आहे. बाबा गेले त्या आठवड्यानंतर मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. त्या रविवारी दुपारी काय विकायचं, काय टाकायचं ते बघायला म्हणून गेले, तर शटर अर्धं वर, आत ती पांढरी जुनी गाडी नुसत्या जॅकवर चढलेली आणि खाली कोणीतरी मजेत शीळ घालतंय. समोरच्या टॉवरची सावली भरदुपारी आमच्या गल्लीवर पडते, त्यामुळे आत दिवेलागणीसारखा अंधार होता.

मी ओरडले नाही. जॅकवरच्या गाडीखाली माणसाला दचकवायचं नसतं.

“बाहेर या,” मी म्हटलं. “हळू. गाडीला धक्का न लावता.”

शीळ थांबली. पायांमागून कंबर आली, मग चेहरा. गालावर ग्रीस, केसांत कोळ्याचं जाळं. दिसायला बरा होता… हे मला तेव्हाच दिसलं होतं, खोटं कशाला बोलू?

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

“तुम्ही ज्या शेडीत मरायला आलात ना, तिची मालकीण. नूपुर.”

“मी शंतनु. शिवाजी पार्कला राहतो. ही माझ्या आजोबांची गाडी. किल्ली तुमच्या आईंनी दिली.” त्याने गालावरचं ग्रीस पुसलं. “झालं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच दुसरा कोणी मेकॅनिक या गाडीला हात लावत नाही. मग मीच शिकलो.”

झालं ते असं. बाबा याच गाडीचे ब्रेक करत होते. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही, हे त्यांनी अख्ख्या लालबागला शिकवलेलं. घोडी म्हणजे जॅकने उचललेल्या गाडीला खालून टेकू देणारा लोखंडी स्टँड. आणि त्या दिवशी “एक मिनिटात बघून येतो” म्हणत ते स्वतःच तसे आत शिरले. जॅक घसरला.

रडू येईल असं वाटलं, म्हणून मी त्याच्यावरच घसरले. “घोडी लावायची अक्कल नाही, पण चपला मात्र बरोब्बर जागेवर ठेवल्यात. हे कुणी शिकवलं?”

“कुठल्या चपला?”

मी त्याच्या पायांकडे बघितलं. बूट होते.

पुढच्या चाकाशेजारी, अगदी नीट जुळवून, एक तपकिरी चपलांचा जोड होता. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला. हा बाबांचा नियम. आत जाणाऱ्याने चपला चाकाशेजारी काढायच्या. त्या दिसतात तोवर गाडीला कोणी बोट लावायचं नाही, बाहेर आल्यावर ज्याच्या त्याने उचलायच्या. बाबांच्या मात्र कोणी उचलल्याच नव्हत्या. शेवटी मीच त्या शेडीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केल्या होत्या. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी कपाट उघडलं. फळीवर धूळ साचलेली, आणि धुळीत दोन चपलांएवढी जागा स्वच्छ.

“तुम्ही थरथरताय,” शंतनु म्हणाला.

“भूक लागली की होतं मला असं.”

तो धावत जाऊन गल्लीच्या तोंडावरून दोन वडापाव घेऊन आला, आणि माझ्या पावातली तिखट चटणी काढून स्वतःच्या पावात घातली. का, कोण जाणे, मला ते फार आवडलं.

मग मीच कपाटामागच्या घोड्या काढून दिल्या. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. घोडीखाली सागवानी फळी, कारण शेडीतली शहाबादी फरशी घुशींनी खालून पोखरलेली. गाडी घोड्यांवर टेकवायची, जॅक नुसता लागून ठेवायचा. काढलेलं चाकसुद्धा आडवं करून गाडीखाली सरकवायचं.

“आणि आत जायच्या आधी दोन्ही हातांनी हलवून बघायची,” मी म्हटलं. “भांडल्यासारखी.”

“मला भांडता येत नाही.”

“शिवाजी पार्कात शिकवत नाहीत वाटतं?”

“कोणी शिकवणारी भेटली नाही अजून…”

मी चपला पुन्हा कपाटात ठेवल्या आणि दोनदा कुलूप ओढून बघितलं.

पुढच्या रविवारी त्या चाकाशेजारी होत्या.

त्याच्या पुढच्याही. शंतनु खाली काम करायचा, मी स्टुलावर बसून बोल्ट पिळायचे पाने द्यायचे, आणि आमच्या दोघांमध्ये तो जोड. बघता बघता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. त्याला पाना देताना बोटाला बोट लागायचं आणि पाना तिथेच राहायचा… दोघांच्या हातात. शनिवारपासूनच मला उद्या कुठला ड्रेस घालायचा याची चिंता. ग्रीस लागणार हे माहीत असूनही.

“सारख्या फेऱ्या काय मारतेस गाडीभोवती?” एकदा त्याने खालून विचारलं. “चटक चटक… लक्ष लागत नाही माझं.”

मी नुकतीच शटरखालून वाकून आत येत होते.

“मी आत्ता आले, शंतनु.”

खालचा पाना थांबला. मग तो म्हणाला, “मग ती पावलं थांबली वाटतं.” आवाज नेहमीचाच होता, पण बाहेर आल्यावर त्याने माझा हात धरला तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

आईने आम्हाला गल्लीत बघितलंच. रात्री भाकरी थापताना म्हणाली, “गाडी घेवन जा म्हणान किल्ली दिलंय मी. तो थंयसरच कित्याक बसलो? एकाक खाल्ल्यान त्या गाडयेन. आणि एक व्हयो आसतलो तिका.”

 त्या गाडीला आणखी एक माणूस हवाय, हीच भीती माझ्याही मनात होती. बाबा त्याची राखण करतायत की त्याला बोलावतायत, हे मला कळत नव्हतं. आणि आता तो मला हवा होता. इतका हवा होता की गाडीखालून त्याचं बोलणं क्षणभर थांबलं तरी माझा जीव गोळा व्हायचा.

काम संपायचा रविवार आला. शेवटचं चाक. मी डब्यात घावणे आणि नारळाचा रस घेऊन गेले. शटर वर होतं, शीळ ऐकू येत होती. मी सवयीने चाकाशेजारी बघितलं.

चपला नव्हत्या.

त्या दारात होत्या. उंबऱ्यावर, माझ्या पायांपाशी, तोंड गल्लीकडे. कोणीतरी उचलून, बाहेर पडता पडता ठेवल्यासारख्या.

चपला उचलल्या म्हणजे आता गाडीखाली कोणी असायचं नाही. लहानपणापासून मला दुसरा अर्थच माहीत नाही.

“शंतनु, बाहेर ये.”

“आलीस? एक मिनिट गं. एकच बोल्ट राहिलाय.”

एक मिनिट.  मी वाकून बघितलं. घोडी थेट फरशीवर होती. फळी भिंतीला टेकलेली, काढलेलं चाक तिच्या शेजारी. त्याला ओढायला गेले आणि त्याचा पाय गाडीला लागला तर? चपलांचं सांगितलं तर तो आधी हसणार, मग विचारणार, आणि बोल्ट पिळतच राहणार. एव्हाना मी या माणसाला ओळखून होते.

“शंतनु,” मी अगदी हळू म्हटलं, “मला तुझ्याशी लग्न करायचंय. उत्तर द्यायचं असेल तर आत्ता बाहेर येऊन दे. आतून दिलेलं मी ऐकणार नाही.”

पाना खाली पडला. तो पाठीखालच्या पुठ्ठ्यासकट सुळकन बाहेर आला, गुडघा खरचटला, आणि माझ्यासमोर उभा राहिला. तोंड उघडलं…

फरशी कट्‌ करून मोडली. घोडीचा पाय बिळात गेला, गाडी कलली आणि जिथे त्याची छाती होती तिथे दणकन बसली. पत्रे बराच वेळ थरथरत राहिले.

मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडले. तोही रडत होता. त्याची हनुवटी माझ्या डोक्यावर थडथडत होती.

“फळी का नाही लावलीस? हलवून बघितली होतीस?”

“नाही,” तो म्हणाला. “तू यायच्या आत संपवायचं होतं. तुला फिरवायला न्यायचं होतं… आणि तेच विचारायचं होतं, जे तू विचारलंस.”

“मूर्ख आहेस.”

“हो. पण ते खरं होतं ना? की नुसतं मला बाहेर काढायला?”

मी उंबऱ्याकडे बघितलं तर चपला तिथे नव्हत्या.

घावणे गार झाले, पण आम्ही ते सगळे संपवले. मग दोघांनी मिळून गाडी पुन्हा उचलली, पलीकडच्या शाबूत फरशीच्या बाजूने. फळी, घोडी, खाली आडवं चाक. तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, दोघांनी कडाकडा भांडल्यासारखी ती गाडी हलवली. हलली नाही.

त्याने बूट काढून चाकाशेजारी ठेवले. मी थांबले… आणि माझ्या सँडल त्याच्या बुटांशेजारी ठेवल्या.

“तू कशाला?” तो म्हणाला.

“बाबांनी शेवटी वर काय बघितलं ते मला बघायचंय.”

काही नव्हतं. गंज, तेलाचे डाग, एक जुना पाइप. शंतनुचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि त्याने हात पुढे करून तो राहिलेला बोल्ट घट्ट केला.

“आता सांग,” तो कुजबुजला.

“खरं होतं,” मी म्हटलं. “अगदी खरं.”

तेवढ्यात तो आवाज आला. चटक… चटक… आमच्या डोक्याशी, चाकाशी, मग दाराशी. शंतनुने माझा हात धरला. आम्ही दोघं श्वास रोखून पडून राहिलो. पावलं उंबऱ्यावर जरा थांबली. मग उतरली, गल्लीतून सावकाश चालत गेली, आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात मिसळून गेली.